मे महिन्यात दारात फुलं हवी असतील तर: मराठवाड्यातल्या नवशिक्यांसाठी बारमाही फुलझाडं

सुरुवातीलाच एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वैशाख-ज्येष्ठात ज्या घरी मोगरा लगडलेला दिसतो ना, त्या घरच्यांनी त्याचं खरं काम माघातच उरकलेलं असतं, मे मध्ये ते फक्त पाणी घालतात अन् कळ्या तोडतात. आपण काय करतो, मे मध्ये कुणाच्या तरी दारातला बहर बघतो, संध्याकाळी नर्सरीत जातो, फुलं लागलेलंच झाड पाहिजे म्हणून हट्ट धरतो, दुसऱ्या दिवशी बेचाळीसच्या उन्हात ते लावतो अन् आठवड्यात त्याची काडी होते. मग म्हणायचं आपल्या हाताला गुण नाही. हाताचा काही दोष नाही हो, टायमिंग चुकतंय.

इथं मी फक्त बारमाही झाडांबद्दल लिहितेय, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी, अन् त्यातही उन्हाळ्याच्या शेवटी, एप्रिल संपता संपता ते मृगाच्या पावसापर्यंत फुलणारी. झेंडू, शेवंती, डेलिया हे यात नाही. गुलाब पण नाही, गुलाबाला आपल्याकडचा मे फक्त जगून काढायचा असतो, त्याच्याकडून तेव्हा फुलं मागू नका.

आधी जागा बघा, झाड नंतर

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा अन् चारला अंगणात किंवा गच्चीवर जाऊन ऊन कुठं पडतंय ते बघा, मोबाईलमध्ये तीन फोटो काढून ठेवले तरी चालतंय. पूर्वेची बाजू, जिथं दुपारी बारा-एकपर्यंत ऊन अन् नंतर घराची सावली, ती तुमची सगळ्यात चांगली जागा, बहुतेक सगळं तिथं येतं. पश्चिमेची भिंत म्हणजे तवा. ती दिवसभर तापते अन् रात्री दहापर्यंत गरम वाफ सोडत राहते, तिथं बोगनवेल, कण्हेर, टेकोमा (पिवळ्या घंटेसारख्या फुलांचं झुडूप), चाफा असलेच गडी टिकतात. उत्तरेच्या अर्धसावलीत अबोली लावा. मोगरा तिथं लावला तर हिरवागार होईल, पानं बघून जीव खूष होईल, पण कळी येणार नाही, त्याला रोज निदान पाच-सहा तास कडक ऊन लागतंच.

गच्चीवर कुंड्या ठेवणार असाल तर थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन-दोन विटा द्या. स्लॅब इतका तापतो की कुंडीतली मुळं खालून शिजतात, वरून पाणी कितीही घाला. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या अन् काळ्या ग्रो बॅग उन्हाळ्यासाठी सगळ्यात वाईट, असतीलच घरात तर बाहेरून बारदान गुंडाळा किंवा चुना मारा. मातीच्या कुंडीला पाणी जास्त लागतं हे खरंय पण तिच्यात मुळं गार राहतात. माझं मत विचाराल तर सिमेंटची मोठी कुंडी बरी, जड असते, वावटळीत उलटत नाही, अन् आपल्याकडं मे मध्ये वावटळ काय असते ते सांगायची गरज नाही.

माती: आपली काळी चांगली आहे पण जशीच्या तशी नको

परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, कुठंही खणा, बहुतेक ठिकाणी काळी भारी जमीन लागते. कापसाला, सोयाबीनला झकास. पण अंगणातल्या फुलझाडाला हिचे दोन त्रास. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात आकसते अन् तिला भेगा पडतात, या भेगांत बारीक मुळं अक्षरशः तुटतात. म्हणून अंगणातल्या झाडाच्या बुडाशी भेग दिसली की लगेच भुसभुशीत माती-खत टाकून बुजवायची, तशीच ठेवायची नाही.

मिश्रण साधं ठेवा. एक घमेलं काळी माती, एक घमेलं बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक घमेलं कुजलेलं शेणखत, वरून दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीला पण हेच, फक्त मातीतला थोडा भाग कमी करून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं तर वजन कमी होतं. शेणखत मात्र जुनं, काळं, वास न येणारं पाहिजे. ओलं, अर्धवट कुजलेलं खत टाकलं की त्यातनं हुमणी येते, ती पांढरी जाड अळी मुळं खाते अन् झाड वरून पाणी मिळूनही सुकत जातं, आपल्याला कारण कळत नाही.

आणखी एक भानगड म्हणजे चुनखडी. आपल्या बऱ्याच जमिनींत चुना जास्त अन् बोअरचं पाणी पण जड, कुंडीच्या काठाला पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा मातीत झाडाला लोह उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. अनंत अन् एक्झोरा ही दोन झाडं या बाबतीत भयंकर नखरेल. नर्सरीत अनंताचं फूल बघून कितीही मोह झाला तरी पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलंच तर कुंडीत लावा, काळी माती कमी, कोकोपीट अन् पालापाचोळ्याचं खत जास्त, अन् पानं पिवळी पडली तर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत नुसतं हिराकस टाकून उपयोग होत नाही, चुना ते लगेच अडकवून टाकतो.

जमिनीबद्दल शंकाच असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेण्याबद्दल विचारा. दोन-चार कुंड्यांसाठी कुणी एवढं करत नाही, पण प्लॉट मोठा असेल तर जरूर करा.

कोणती झाडं घ्यायची

नव्या माणसानं पहिल्या वर्षी चार-पाच झाडांवर थांबावं. वीस आणली की वीसही मरतात.

मोगरा तर पाहिजेच, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. साधा एकेरी, गोल गच्च पाकळ्यांचा बट मोगरा अन् लांब टोकदार कळीचा मदनबाण असे प्रकार नर्सरीत मिळतात. गजऱ्यासाठी मदनबाण बरा, वासाला मला साधाच आवडतो.

बोगनवेल. हे झाड पाण्याच्या टंचाईसाठीच जन्माला आलंय असं वाटतं. त्याचा रंगीत भाग म्हणजे खरं तर पानं, खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरी नळी. पाणी जास्त झालं, युरिया पडला की ही वेल नुसती हिरवी वाढते. पाणी ताणा, पानं जराशी मलूल झाली की मग भरपूर द्या, पुन्हा ताणा, असं केलं की रंगानं भरून जाते. कुंडीत मुळं गच्च झाली की उलट जास्त फुलते, म्हणून दरवर्षी मोठी कुंडी देत बसू नका. काटे मात्र बेकार, लेकरं खेळतात त्या वाटेवर लावू नका.

चाफा, पांढरा पिवळ्या पोटाचा देवचाफा. हिवाळ्यात पानं गाळून उघडाबोडका उभा राहतो, नवीन लोक झाड मेलं म्हणून उपटून टाकतात, असं करू नका बरं. उन्हाळा लागला की टोकाला तुरे येतात. गंमत म्हणजे याच्या फुलात मध नसतोच, नुसत्या वासावर रात्रीचे पतंग फसून येतात अन् परागीभवन करून जातात. मूळचा मध्य अमेरिकेचा, पण आपल्याकडच्या देवळांत, दर्ग्यांत इतका मुरलाय की कुणाला परका वाटत नाही.

कण्हेर: गुलाबी, पांढरी, लाल. पाणी नाही, माती नाही, खारं पाणी, काहीही चालतं. उगाच हायवेच्या मधोमध लावत नाहीत तिला. पण एक गोष्ट नीट वाचा, कण्हेर पूर्ण विषारी आहे, पान, फूल, खोड सगळं, अन् पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तर फारच. घरात रांगतं लेकरू किंवा दारात शेळी बांधलेली असेल तर हे झाड लावूच नका, अन् छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नका, धूरही वाईट.

मधुमालती. मंडपाला, गेटच्या कमानीला. संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल, त्यामुळं एकाच घोसात तीन रंग दिसतात. वेल लई दांडगी होते, तारेवर किंवा काठीवर चढवली तर दोन वर्षांत सगळं खाली ओढते, लोखंडी पाइपच पाहिजे.

अबोली अर्धसावलीची, केशरी, वास नसलेली पण गजऱ्यात मोगऱ्याच्या शेजारी तिच्याइतकं कुणी शोभत नाही. हिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टच्चकन फुटून बिया उडवतात, लेकरांना हा उद्योग लई आवडतो. ‘दिल्ली अबोली’ नावाची गडद केशरी जात मिळते, तिला बी धरत नाही, फांदीपासूनच करावी लागते.

जास्वंद देशी लाल एकेरी घ्या. नर्सरीतले ते बशीएवढे हायब्रीड रंग दिसायला भारी पण आपल्या मे मध्ये कळ्या गाळत बसतात. सदाफुली अन् टेकोमा यांच्याबद्दल काही शिकवायची गरज नाही, लावा अन् विसरा. गोकर्णाची वेल शेंगवर्गातली आहे, जमीन सुधारते, बी रात्रभर भिजवून लावायचं. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, खाली गड्ड्यासारखं मूळ असतं त्यामुळं वरून वाळली तरी पुन्हा फुटते.

कर्दळ मात्र वेगळी. कोरडी जमीन तिला चालत नाही, तिला पाणी पाहिजे, पण कसलंही चालतं. मोरीचं, न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं कर्दळीचा ताटवा करा, पाण्याचा चिखलही होत नाही अन् उन्हाळाभर लाल-पिवळी फुलं. सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांत ही मुद्दाम लावतात, एवढी चिवट. माझ्या मते पाणीटंचाईच्या गावात पहिलं झाड हेच लावलं पाहिजे, पण ते गावठी दिसतं म्हणून लोक लावत नाहीत, काय बोलणार.

कधी लावायचं: इथंच सगळे घाई करतात

रोपाच्या पिशवीतली झाडं मे मध्ये आणू नका. मे मध्ये फक्त खड्डे घ्या. मोगऱ्याला, जास्वंदीला दीड फूट लांब-रुंद-खोल, वेलींना दोन फूट. खड्डा अन् त्यातली माती दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या, किडीची अंडी, उधईचं घर, तणाचं बी बरंचसं मरतं, अन् हे फुकटचं ऊन आपल्याकडं भरपूर आहे. मग मृगाच्या आधी वरचं मिश्रण भरून ठेवायचं, जमिनीपेक्षा चार बोटं उंच, कारण पाऊस पडला की ते दबतं.

रोहिणीत एखादा वळवाचा पाऊस पडला की सगळे फावडं घेऊन पळतात. थांबा. त्या पावसानं वरची वीतभर माती ओली होते, पुन्हा आठ दिवस ऊन तापतं अन् रोप भाजून निघतं. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊ द्या, जमिनीला वाफसा येऊ द्या, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, तेव्हा लावा. जून शेवट ते ऑगस्ट हा लावणीचा खरा काळ. तेव्हा लावलेलं झाड पुढच्या मे पर्यंत मुळं खोल नेतं, अन् मगच ते उन्हात उभं राहून फुलतं. म्हणजे पहिला उन्हाळा फक्त तयारीचा, अशी मनाची तयारी करून घ्या.

याला अपवाद तीन. चाफ्याची फांदी उन्हाळ्यातच लावायची असते, हातभर लांब जाड फांदी तोडा, सावलीत आठवडाभर तशीच पडू द्या, चीक वाळून जखम बंद झाली की कोरड्या मुरमाड मातीत रोवा, पाणी अगदी बेताचं, जास्त झालं तर कुजते. दुसरा निशिगंध, ज्याला बाजारात गुलछडी म्हणतात. त्याचे लिंबाएवढे कंद एप्रिल-मे मध्ये दोन-तीन इंच खोल, वीतभर अंतरावर लावायचे, साधारण तीन-चार महिन्यांनी दांडे येतात, म्हणजे आत्ता लावले तर गणपती-गौरीच्या आसपास घरची फुलं. एकेरीला वास जास्त, डबल फुलदाणीत जास्त दिवस टिकतो. तीन वर्षांनी कंद काढून वेगळे करून पुन्हा लावायचे.

तिसरा म्हणजे ते लाल गोल चेंडूसारखं फूल, मे फ्लॉवर. हा कंद नावाप्रमाणं मे मध्येच एक दांडा काढतो, वर शंभरेक बारीक फुलांचा लाल गोळा, आठवडाभर टिकतो, मग पानं येतात अन् वर्षभर पुन्हा काही नाही. हिवाळ्यात पानं वाळली की पाणी बंद करायचं, कुंडी कोपऱ्यात सरकवून ठेवायची, एप्रिलच्या शेवटी पुन्हा पाणी सुरू. सारखा उकरून बघू नका, हलवलेला कंद रुसतो, एखाद वर्ष फूल देत नाही.

नर्सरीतनं रोप आणल्यावर आणखी एक बघा. आपल्याकडं बरीच रोपं ट्रकनं आंध्रातल्या कडियमहून येतात, लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला की पाणी बाजूनं निघून जातं, आतलं मूळ कोरडंच. म्हणून पिशवी फाडायच्या आधी बादलीत अर्धा तास बुडवा, गोळा मऊ झाला की बाहेरची माती बोटांनी हलकी मोकळी करा, मुळं तुटू न देता, मग लावा. लावायचं संध्याकाळीच.

मोगरा: माघात काय करायचं

हा भाग नीट वाचा, कारण इथंच फुलं ठरतात.

मोगरा नवीन फुटव्यावर फुलतो. जुन्या काड्यांवर पानंच. त्यामुळं डिसेंबरपासून पाणी हळूहळू कमी करायचं, महिनाभर झाडाला ताण द्यायचा, पानं पिवळी पडून गळाली तरी घाबरायचं नाही. जानेवारी शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, थंडी सरायला लागली की सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री घ्या अन् झुडूप निम्म्यावर आणा, गुडघ्याच्या जरा वर. वाळलेल्या, एकमेकांत अडकलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या पूर्ण काढून टाका. उरलेली पानंही ओरबाडून काढा. झाड टकलं दिसतं, घरातले ओरडतात, ओरडू द्या.

मग बुडाभोवती खुरप्यानं चार-पाच बोटं माती उकरून चार दिवस तशीच उघडी ठेवायची. नंतर जमिनीतल्या झाडाला अर्धं घमेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मिळालं तर मूठभर हाडांचं खत, वरून माती ओढून आळं करायचं अन् भरपूर पाणी. कुंडीला याच्या पाव हिश्श्यानं. दोन आठवड्यांत लालसर-हिरवे फुटवे दिसतात, होळीच्या पुढं-मागं कळ्या धरायला लागतात, अन् एप्रिल-मे मध्ये तर दारातून आत जाताना वास अडवतो.

एक बहर झाला की कात्रीनं फुलं आलेल्या शेंड्यांची दोन-दोन पानं कापत जा, म्हणजे बाजूनं पुन्हा फुटवे अन् महिना-दीड महिन्यानं पुन्हा कळ्या. असं करत उन्हाळ्यात दोन-तीन बहर निघतात. हे न केल्यामुळंच लोकांचा मोगरा एकदा फुलतो अन् मग मे मध्ये गप्प बसतो.

गजऱ्यासाठी कळी दुपार कलल्यावर, टपोरी पांढरी पण मिटलेली असताना तोडायची, ओल्या रुमालात ठेवली की रात्री आठ-नऊला आपोआप उमलते. सकाळी उमललेली फुलं तोडली तर वासही निम्मा अन् दुपारपर्यंत कडा जांभळट.

नायट्रोजनवालं खत, युरिया, डीएपी असलं शेजारच्या शेतकरी मामांनी प्रेमानं दिलं तरी मोगऱ्याला नको. पानंच येतात.

पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा मराठवाड्यात फुलझाडाला पाणी घालतो म्हणायलाही लाज वाटायची. आजही कितीतरी गावांत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्यामुळं बाग करायची तर घरातलं वापरलेलं पाणी अन् मुळाशी पाणी, या दोनवरच करायची.

रोज वरवर शिंपडणं बंद करा. त्यानं मुळं वरच राहतात अन् एक दिवस चुकला की झाड माना टाकतं. जमिनीतल्या दोन-तीन वर्षांच्या झाडाला दर तीन-चार दिवसांनी एकदम बादलीभर, आळ्यात, सावकाश. कुंडीला मे मध्ये रोज लागतं, बारा इंची कुंडीला लिटर-दीड लिटर, पण त्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी नको. वेळ सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य बुडाल्यावर. दुपारी पाइपमध्ये साचलेलं पाणी चहासारखं गरम असतं, ते सोडलं तर मुळं भाजतात.

जमिनीतल्या झाडांसाठी माठ पुरायची पद्धत आपल्याकडं सगळ्यात स्वस्त. चार-पाच लिटरचं साधं मडकं, रंग किंवा पॉलिश नसलेलं, झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर थाळी ठेवायची नाहीतर डास होतात. पाणी मडक्यातून झिरपतं, मुळं स्वतःहून तिकडं सरकतात, दोन-तीन दिवसांनी भरलं तरी पुरतं. मागच्या उन्हाळ्याचा गळका माठ, आखितीच्या पूजेची मडकी, सगळी इथं कामी येतात. जड पाण्यानं छिद्रं हळूहळू बुजतात, झिरपणं कमी झालं की मडकं बदलायचं.

वरून आच्छादन पाहिजेच, हे सांगून सांगून मी थकले. सोयाबीनचा भुस्सा, उसाचं पाचट, तुरीचं काड, वाळलेली पानं, जे गावात फुकट मिळतं ते चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. नुसत्या एवढ्यावर पाणी बरंच कमी लागतं. उधई लागते म्हणून काहीजण टाळतात, त्यासाठी खाली निंबोळी पेंड टाका.

आता कुठलं पाणी कुणाला. एसीचं पाणी क्षारांशिवायचं असतं, ते अनंत, अबोली, कुंड्यांतल्या मोगऱ्याला. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं कुणालाही. आरओ मशीनमधनं वाया जाणारं पाणी खारट असतं, ते कण्हेर, बोगनवेलीला चालून जातं, मोगऱ्याला रोज नको. साबणाचं, वॉशिंग मशीनचं कुंडीत अजिबात नको, जमिनीत कर्दळीला. अन् पावसाळ्यात कुंड्या एखाद-दोन दिवस मुसळधार पावसात उघड्यावर ठेवा, वर्षभर साठलेले क्षार खालच्या भोकातून वाहून जातात.

शेवटच्या कडक पंधरवड्यात

मे चा शेवटचा पंधरवडा, ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतं तेव्हा छाटणी नको, खत नको, कुंडी बदलणं नको. नव्या, एक वर्षाच्या आतल्या झाडांवर दुपारपुरतं ५० टक्क्यांचं हिरवं नेट, नसेल तर जुनी साडी किंवा बारदान चार काठ्यांवर बांधा. मोगरा, बोगनवेल, चाफा जुने असतील तर त्यांना सावली देऊ नका, फुलं कमी होतात. दुपारी पानं लोंबलेली दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका, जास्वंद तर रोजच दोनला नाटक करते, संध्याकाळी पुन्हा ताठ होत असेल तर सगळं ठीक आहे. सकाळीही लोंबलेलीच असेल तर मात्र तहान.

जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळायल्यात तर बहुतेक वेळा पाणी अनियमित झालंय, एक दिवस तुडुंब, चार दिवस कोरडं, असं.

कीड

कोरड्या उन्हात मोगऱ्याला लाल कोळी लागतो. पान धुळकट, फिकट, बारीक ठिपक्यांचं दिसतं, मागच्या बाजूला बारीक जाळं. तीन-चार दिवसाआड पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी निम्मा जातो. नाही गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल अन् थोडा लिक्विड सोप नीट ढवळून, सूर्य मावळल्यावर, आठवड्यानं पुन्हा. दुकानदार गंधक देतात, ते या उन्हात मारू नका, पानं करपतात.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण. शेंडे आकसलेत, मुंग्या चढायल्यात म्हणजे तोच. जास्त आकसलेले शेंडे कापून प्लास्टिक पिशवीत बांधून टाका, बाकीचा जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, अन् मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण त्याच त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. मोगऱ्याच्या कळीला भोक दिसलं तर आत अळी असते, तेवढ्या कळ्या रोज वेचून टाकल्या की घरच्या झाडाला औषधाची वेळ येत नाही.

पैसे कमी घालायचे असतील तर

नर्सरीत जायच्या आधी गल्लीत फिरा. मोगरा, मधुमालती, जास्वंद, बोगनवेल, टेकोमा, अबोली यातलं काहीच विकत घ्यायची गरज नसते, आषाढ-श्रावणात सगळ्या फांद्या लागतात. शेजारच्या काकूंना आत्ताच सांगून ठेवा, पावसाळ्यात छाटाल तेव्हा मला द्या म्हणून, कुणी नाही म्हणत नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून पान फुटतं ती गाठ), खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, खालची पानं काढून निम्मी फांदी ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये, सावलीत. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात, ओढून बघू नका, नवीन पान आलं की समजा.

मोगऱ्याला यापेक्षाही सोपं म्हणजे दाब कलम. जमिनीला टेकणारी एखादी लांब फांदी घ्या, मधे एका डोळ्याजवळ साल जराशी खरवडा, तेवढा भाग चार बोटं मातीत दाबून वर वीट ठेवा, शेंडा बाहेर. जुलैत दाबलेली फांदी सप्टेंबरपर्यंत मुळं धरते, मग आईच्या म्हणजे मूळ झाडाच्या बाजूनं कापा, पण लगेच उपटू नका, आठ-दहा दिवस तिथंच राहू द्या अन् मग मुळाच्या मातीसकट उचलून कुंडीत लावा. पहिल्या माघात तिची छाटणी हलकीच करा, नुसते शेंडे, निम्म्यावर आणायचं ते दुसऱ्या वर्षापासून.